पोच दिली, पण माल कुठाय?

दरवर्षी आपल्या अंकाच्या मराठी विभागात आई, पाऊस आणि मैत्री या विषयांवर कविता असतात. यंदा संपादक मंडळाने फर्मान काढलं की एक तरी टेक्निकल लेख मराठीतून हवा. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी मराठी बोलते, पण लिहिलेलं शेवटचं मराठी म्हणजे दहावीचा पेपर, आणि त्यानंतर थेट हा लेख. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. विषय मात्र मी मुद्दाम निवडला आहे, कारण त्यात चूक माझी झाली आणि भोगली माझ्या रूममेटने.

गोष्ट अशी. पाचव्या सेमिस्टरच्या मिनी प्रोजेक्टला आमच्या ग्रुपने ठरवलं, की लॅबमधल्या एका जुन्या पीसीची जागा नेटवर्कवरून दुसऱ्या मशीन्सना वापरायला द्यायची. फोल्डर शेअरिंग नव्हे बरं का! अख्खी डिस्कच द्यायची. समोरच्या मशीनला वाटलं पाहिजे की आपल्याच डब्यात एक हार्ड डिस्क बसवली आहे. त्यासाठी लिनक्समध्ये तयार फ्रेमवर्क आहे. आम्ही फक्त त्याच्या टोकाला जोडायचा एक छोटा तुकडा सी भाषेत लिहिला. तो चालला तेव्हा आम्ही कँटीनमध्ये पार्टीसुद्धा केली.

माझी रूममेट मेकॅनिकलची. बेअरिंगच्या कंपनांची रीडिंग्ज घेण्याचं तिचं काम चालू होतं आणि तिच्या मशीनवरची जागा संपली होती. मी मोठ्या दिमाखात म्हटलं, "घे की आमची डिस्क!" अकरा दिवस सगळं सुरळीत चाललं. बाराव्या दिवशी संध्याकाळी तिने अकरा फाईल्स जोडून एक मोठी फाईल बनवली. मग शहाण्या मुलीसारखी 'सिंक' कमांड दिली, म्हणजे सगळा डेटा खरोखर डिस्कवर जावा. प्रॉम्प्ट परत आला. मग तिने जुन्या अकरा फाईल्स पुसल्या. मिनिटभर झालं नसेल, तोच लाईट गेली. आमच्या जुन्या पीसीला यूपीएस नव्हता.

लाईट आल्यावर पाहिलं तर जुन्या फाईल्स गायब. नवी फाईल होती, नाव बरोबर, साईझ बरोबर, पण उघडली तर अर्ध्याहून जास्त भाग नुसती शून्यं! ती माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाली, "सिंकने हो म्हटलं होतं ना? मग खोटं कोण बोललं?"

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला त्या फ्रेमवर्कची रचना पहिल्यांदा नीट कळली. तीच तुम्हाला सांगते.

विचारणारा आणि उत्तर देणारा

आपण ऑपरेटिंग सिस्टिम्सच्या विषयात डिस्क ड्रायव्हर शिकतो. ड्रायव्हर विचारतो, डिस्क उत्तर देते. विचारणाऱ्याला स्कझीच्या भाषेत 'इनिशिएटर' म्हणतात आणि उत्तर देणाऱ्याला 'टार्गेट'. स्कझी हे स्टँडर्ड १९८६ सालचं. तेव्हा टार्गेट म्हणजे खरोखरची डिस्क असायची, जाड केबलच्या दुसऱ्या टोकाला. आज त्या केबलच्या जागी इथरनेट असू शकतं. स्कझीच्या कमांड्स टीसीपीवरून पाठवायची पद्धत म्हणजे आयस्कझी. तिचं पहिलं स्टँडर्ड एप्रिल २००४ मध्ये आलं. केबल बदलली, पण भाषा तीच राहिली.

ही भाषा फार साधी आहे. वाचण्याची एक नेहमीची कमांड १० बाइट्सची असते. पहिला बाइट कमांडचा नंबर, हेक्समध्ये २८. पुढे चार बाइट्समध्ये कुठल्या ब्लॉकपासून वाचायचं तो पत्ता, आणि दोन बाइट्समध्ये किती ब्लॉक्स हवेत ती संख्या. उरलेले बाइट्स किरकोळ कामाचे. पत्त्याला चारच बाइट्स असल्यामुळे ५१२ बाइट्सच्या ब्लॉकने फक्त ढोबळ २.२ टेराबाइटपर्यंत पोहोचता येतं. म्हणून मोठ्या डिस्कसाठी १६ बाइट्सची कमांड आली, तिच्यात पत्ता आठ बाइट्सचा आहे.

आता गंमत बघा. समोरून ही कमांड आली आणि आपल्या मशीनने बरोबर उत्तर दिलं, तर आपलं मशीन हीच डिस्क! मागे खरी डिस्क आहे, एखादी फाईल आहे की नुसती रॅम, हे विचारणाऱ्याला कळायचं कारण नाही. म्हणजे टार्गेटचं सॉफ्टवेअर हे डिस्कचं सोंग आहे. आणि सोंग घेतलं की ते शेवटपर्यंत वठवावं लागतं.

एक गोदाम, अनेक दारं

'ॲक्नॉलेजमेंट'ला मराठीत काय म्हणतात ते विचारायला मी आजोबांना फोन केला. आजोबा तीस वर्षं मार्केट यार्डात एका आडत दुकानात दिवाणजी होते. ते म्हणाले, "पोच म्हणतात पोरी. माल आला, मोजला, गोदामात थप्पी लागली, की मग पोच द्यायची. ट्रक दारात उभा असताना पोच दिली तर मालक हाकलून देईल." मला शब्द हवा होता, आजोबांनी अख्खं डिझाइन दिलं.

तेव्हा गोदामाचंच उदाहरण घेऊ. माल ट्रकने येतो, रेल्वेने येतो, बैलगाडीनेही येतो. प्रत्येकाची कागदपत्रं वेगळी, प्रत्येकाचं दार वेगळं. आत माल ठेवायच्या जागाही वेगळ्या, कुठे पत्र्याची शेड, कुठे कोल्ड स्टोरेज. आता प्रत्येक दारासाठी आणि प्रत्येक शेडसाठी वेगळा दिवाणजी ठेवला तर?

कर्नलमध्ये हाच प्रश्न होता. बाहेरून येण्याचे मार्ग मोजा: आयस्कझी, फायबर चॅनेल, इन्फिनिबँडवरचं एसआरपी, फायरवायर, यूएसबी, व्हर्च्युअल मशीन. झाले सहा. मागे डेटा ठेवायच्या जागा: ब्लॉक डिव्हाइस, साधी फाईल, खरी स्कझी डिस्क जशीच्या तशी, रॅम. झाल्या चार. प्रत्येक जोडीसाठी वेगळा प्रोग्रॅम लिहायचा तर सहा गुणिले चार, म्हणजे २४ प्रोग्रॅम्स, आणि त्या चोवीसही जणांना स्कझीचे सगळे नियम पाळावे लागणार. त्याऐवजी मधे एकच दिवाणजी बसवला तर सहा दारं आणि चार शेड, एकूण दहाच तुकडे. नियम एकाच ठिकाणी.

हेच ते जेनेरिक टार्गेट फ्रेमवर्क. त्याचे तीन थर असतात. दाराला म्हणतात फॅब्रिक मॉड्यूल, दिवाणजीला टार्गेट कोअर आणि शेडला बॅकस्टोअर. आज लिनक्समध्ये जे आहे त्याचं नाव एल-आय-ओ, उच्चारी 'लायो'. आमचा प्रोजेक्ट त्याच्याच मागच्या टोकाला जोडलेला. विशेष म्हणजे सोलारिसच्या कॉमस्टारमध्ये आणि फ्रीबीएसडीत २०१२ साली आलेल्या सीटीएलमध्येही हेच दिसतं: बाहेरचे मार्ग एकीकडे, डेटाच्या जागा दुसरीकडे, मधे स्कझी जाणणारा थर. तिन्ही टीम्स वेगळ्या, पण वाट एकाच ठिकाणी पोचली.

एका राईट कमांडचा प्रवास

समजा रूममेटच्या मशीनने 'हे ६४ किलोबाइट लिहून ठेव' अशी कमांड पाठवली. आयस्कझीचं फॅब्रिक ती टीसीपीच्या ओघातून वेगळी काढतं आणि कोअरच्या हवाली करतं. कोअर आधी पाहतं, हा इनिशिएटर ओळखीचा आहे का, त्याला कुठली लन दाखवायची ठरलंय. (लन म्हणजे लॉजिकल युनिट, आपल्या भाषेत डिस्कचा नंबर.) मग कमांडचे बाइट्स वाचून पत्ता हद्दीत आहे ना हे तपासतं आणि ६४ किलोबाइटसाठी मेमरी बाजूला काढतं.

इतका वेळ डेटा यायचाच आहे, हे लक्षात घ्या! मेमरी हातात आल्यावर कोअर फॅब्रिकला म्हणतं, "आता मागव." आयस्कझीत त्यासाठी 'रेडी टू ट्रान्स्फर' नावाचा वेगळा निरोपच आहे. कारण उघड आहे. शंभर इनिशिएटर्सनी एकदम डेटा ओतला तर टार्गेट ठेवणार कुठे? आधी जागा, मग माल. डेटा आला की कोअर तो बॅकस्टोअरला देतं. बॅकस्टोअरने 'झालं' म्हटलं की कोअर फॅब्रिकला सांगतं, "उत्तर पाठव." ही झाली पोच.

फॅब्रिक लिहिणाऱ्याने कोअरला मुख्यतः चार-पाच फंक्शन्स पुरवायची असतात: डेटा मागव, डेटा पाठव, उत्तर पाठव, कमांड संपली तर मेमरी सोड. स्कझीचे नियम त्याला पाठ नसले तरी चालतं. नवीन दार जोडणं त्यामुळे सोपं होतं. २०११ ते २०१२ या काळात एफसीओई, एसआरपी, फायबर चॅनेल, यूएसबी, व्हर्च्युअल मशीन अशी दारं एकामागून एक लायोला जोडली गेली ती याच जोरावर.

दिवाणजीच्या डोक्याला ताप

मला आधी वाटायचं, मधला थर म्हणजे नुसता पोस्टमन. इकडचं तिकडे देणारा. साफ चूक! सगळ्यात अवघड काम मधल्यालाच आहे, कारण त्याला लक्षात ठेवावं लागतं.

पहिलं उदाहरण 'युनिट अटेन्शन'चं. डिस्कची साईझ बदलली किंवा कोणी ती रिसेट केली, तर ही बातमी तिथल्या प्रत्येक इनिशिएटरला एकदा सांगायलाच हवी. पण टार्गेट आपणहून बोलू शकत नाही. म्हणून ज्याची पुढची कमांड येईल तिला नकार देऊन कारण सांगायचं, मग तो कमांड परत पाठवतो. आपले शिपाईकाका नोटीस घेऊन प्रत्येक वर्गात जातात आणि सही घेतात ना, तसंच. कुठल्या वर्गाची सही झाली, कुठल्या वर्गाची राहिली, ही यादी कोअरने ठेवायची. हे काम बॅकस्टोअरवर ढकलता येत नाही, कारण त्याला इनिशिएटर्स दिसतच नाहीत. फॅब्रिकवरही ढकलता येत नाही, कारण एकच डिस्क दोन दारांतून दिसत असू शकते.

दुसरं उदाहरण रिझर्व्हेशनचं. दोन सर्व्हर एकच डिस्क वापरत असतील तर 'सध्या मीच लिहिणार' असं एकाने जाहीर करायची सोय स्कझीत आहे. त्यातही एक प्रकार असा, की 'लाईट गेली तरी हे रिझर्व्हेशन विसरू नकोस'. टार्गेटने त्याला हो म्हटलं की विसरायची मुभा नाही. म्हणून लायो ही नोंद फाईलमध्ये लिहून ठेवते. मेमरीतल्या यादीच्या जोरावर हो म्हणणं म्हणजे परत तेच, ट्रक दारात असताना पोच!

तिसरं उदाहरण सगळ्यात वाईट: अबॉर्ट. लिनक्सचा इनिशिएटर एखाद्या कमांडची साधारण ३० सेकंद वाट पाहतो. उत्तर आलं नाही तर म्हणतो, "ती कमांड रद्द कर." समजा ती राईट कमांड होती आणि बॅकस्टोअरमध्ये अडकून पडली आहे. टार्गेटने लगेच 'केली रद्द' म्हणून टाकलं. इनिशिएटरने त्याच जागी नवा डेटा लिहिला, तोही लिहून झाला. आणि मग ती जुनी अडकलेली राईट सुटली आणि नव्या डेटावर जाऊन बसली! कुठे एरर नाही, काही नाही, फक्त डेटा चुकीचा. म्हणून नियम असा, की जुनी कमांड खरोखर संपेपर्यंत 'रद्द केली' असं म्हणायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण त्याच क्षणी कमांड आपणहूनही संपत असू शकते, कनेक्शन तुटत असू शकतं, कोणी टार्गेट बंद करत असू शकतं. मेमरी नेमकी कोणी आणि कधी सोडायची? त्यासाठी रेफरन्स काउंट ठेवतात. तो एकाने कमी पडला तर सोडलेली मेमरी वापरली जाते, एकाने जास्त झाला तर टार्गेट कायमचं लटकतं. टार्गेट लिहिणाऱ्यांची डोकेदुखी मुख्यतः इथेच असते.

कर्नलच्या आत की बाहेर?

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं कर्नलमध्ये कशाला? साध्या प्रोग्रॅममध्ये लिहा, क्रॅश झाला तर परत चालू करा. हा वाद लिनक्समध्ये खरंच झाला आणि बरीच वर्षं चालला.

२००७ च्या फेब्रुवारीत आलेल्या २.६.२० कर्नलमध्ये एसटीजीटी नावाचं फ्रेमवर्क होतं. त्याची कल्पना अशी, की कर्नलमध्ये छोटासा भाग ठेवायचा आणि स्कझीची अक्कल सगळी बाहेर, युजर स्पेसमध्ये. सुरक्षित आणि सुटसुटीत. पण प्रत्येक कमांडसाठी कर्नलमधून बाहेर जा, परत आत या, हा हेलपाटा महाग पडतो. शिवाय कमांडची अर्धी माहिती आत, अर्धी बाहेर. अबॉर्टचा घोळ आधीच एवढा, त्यात हे!

त्याच काळात एससीएसटी आणि लायो अशी दोन फ्रेमवर्क्स होती. दोन्हींचं मुख्य काम कर्नलच्या आत चाले आणि दोन्ही मुख्य कर्नलच्या बाहेर वाढलेली. २०१० च्या अखेरीस स्कझी विभागाचे मेंटेनर जेम्स बॉटमली यांनी लायोच्या बाजूने कौल दिला आणि मार्च २०११ मधल्या २.६.३८ कर्नलमध्ये तिचा कोअर आला. एससीएसटी कर्नलबाहेर चालूच राहिली. दोन्ही बाजूंना चांगले मुद्दे होते, पण एकाच कामाची दोन फ्रेमवर्क्स कर्नलला नको होती. एसटीजीटीचा कर्नलमधला भाग पुढे काढून टाकला गेला.

लायोची मला आवडलेली गोष्ट म्हणजे तिचं कॉन्फिगरेशन. कॉन्फिगएफएस नावाच्या खास फाईलसिस्टिममध्ये एक डिरेक्टरी बनवली की टार्गेट जन्माला येतं. लनला बॅकस्टोअर जोडायचं तर सिमलिंक टाकायची. सिमलिंक आहे तोवर कर्नल बॅकस्टोअरची डिरेक्टरी काढू देत नाही. म्हणजे 'कोण कोणाला वापरतंय' हा हिशेब डोळ्यांना दिसतो!

गंमत म्हणजे कर्नलबाहेरची गरज संपली नाही. डेटा एखाद्या क्लस्टरमध्ये ठेवायचा असेल, ज्याची लायब्ररी फक्त युजर स्पेसमध्ये चालते, तर काय? म्हणून डिसेंबर २०१४ च्या ३.१८ कर्नलमध्ये टीसीएमयू आलं. यात कोअर आतच राहतो, बाहेर जातो फक्त बॅकस्टोअर. दोघांच्या मधे शेअर्ड मेमरीतली एक रिंग असते, कर्नल तिच्यात कमांड ठेवतो आणि बाहेरचा प्रोग्रॅम उचलतो. म्हणजे वाद कोणी जिंकला असं नाही झालं, रेघ कुठे ओढायची ते नीट कळलं. लक्षात ठेवायचं काम आत, साठवायचं काम हवं तर बाहेर. त्यातही धोका आहेच. टार्गेट आणि इनिशिएटर एकाच मशीनवर असतील आणि मेमरी संपत आली, तर कर्नल डेटा लिहून मेमरी मोकळी करू पाहतो, लिहिणाऱ्या प्रोग्रॅमलाच मेमरी हवी असते, आणि दोघे एकमेकांची वाट पाहत बसतात.

जेनेरिक म्हणजे किती जेनेरिक?

एक मोठी चूकही सांगायला हवी. स्कझीत 'एक्स-कॉपी' नावाची कमांड आहे. 'या डिस्कवरून त्या डिस्कवर तूच आतल्या आत कॉपी कर, डेटा नेटवर्कवरून फिरवू नकोस.' फार सोयीची. पण लायोमध्ये 'ती डिस्क' शोधताना कोअर आपल्याकडच्या सगळ्या बॅकस्टोअर्समध्ये आयडी शोधत होता. त्या इनिशिएटरला ती डिस्क दाखवायची परवानगी आहे का, हे पाहतच नव्हता! म्हणजे एका डिस्कची परवानगी असलेला माणूस, दुसऱ्याच्या डिस्कचा आयडी मिळाला तर ती वाचू किंवा लिहू शकत होता. जानेवारी २०२१ मध्ये ५.१०.७ कर्नलात हे दुरुस्त झालं. परवानगी दारात तपासली होती, पण ही कमांड दारातून आत आल्यावर आतल्या आत दुसऱ्या खोलीत जात होती. सगळं एका ठिकाणी आणण्याचा फायदा आपण पाहिला. तोटा हा, की तिथली एक चूक सगळ्या दारांना लागू होते.

आणि 'जेनेरिक' हा शब्दही जपून वापरावा. नव्या एसएसडी एनव्हीएमई नावाची वेगळी भाषा बोलतात. त्यांच्यासाठी टार्गेट लिहायची वेळ आली तेव्हा ते लायोत घातलं नाही. ऑक्टोबर २०१६ च्या ४.८ कर्नलमध्ये ते स्वतंत्र आलं, कारण लायोच्या कोअरच्या नसानसांत स्कझी आहे. मात्र नव्या टार्गेटचीही रचना बघा: दारं वेगळी, कोअर मधे, साठवण मागे, आणि कॉन्फिगएफएस तेच!

मग खोटं कोण बोललं?

आता मूळ प्रश्नाकडे येते. आमचा तुकडा टीसीएमयूच्या बाहेरचा, म्हणजे शेडमधला. आम्हाला वाच, लिही आणि फ्लश अशी फंक्शन्स लिहायची होती. वाच आणि लिही नीट लिहिलं. आम्ही डेटा एका मोठ्या फाईलमध्ये लिहीत होतो. अशी फाईल लिहिली की डेटा आधी कर्नलच्या पेज कॅशमध्ये, म्हणजे रॅममध्ये बसतो आणि नंतर सवडीने डिस्कवर जातो. हा उशीर सहज अर्ध्या मिनिटाचा असू शकतो. त्यात गैर काही नाही. खऱ्या डिस्कलाही आपली कॅश असते. म्हणून तर स्कझीत 'सिंक्रोनाइझ कॅश' ही कमांड आहे. तिचा अर्थ: आतापर्यंत ज्याची पोच दिलीस ते सगळं आता खरोखर पक्क्या जागी ने, आणि मगच उत्तर दे.

रूममेटने 'सिंक' म्हटलं. तिच्या फाईलसिस्टिमने डेटा पाठवला आणि मागोमाग ही कमांड पाठवली. आयस्कझीने ती आणली. कोअरने ती बरोबर ओळखून आमच्या फ्लशला दिली. आणि आमचं फ्लश फंक्शन एका ओळीचं होतं. काहीही न करता 'झालं' म्हणायचं. मीच लिहिलं होतं. डेमोच्या आदल्या रात्री 'हे नंतर बघू' म्हणून.

कोअरने विश्वास ठेवला. फॅब्रिकने विश्वास ठेवला. तिच्या मशीनने विश्वास ठेवला. तिनेही ठेवला, आणि जुन्या फाईल्स पुसल्या. मग आमच्या पीसीच्या कर्नलने साठलेला डेटा आपल्या सोयीच्या क्रमाने लिहायला घेतला. पुसल्याची नोंद आधी लिहिली गेली, नव्या फाईलचा डेटा रांगेत राहिला, आणि लाईट गेली. अर्ध्या मिनिटाचा डेटा गेला असता तर चाललं असतं. पण क्रम गेला, आणि क्रमावरच फाईलसिस्टिमचा सगळा डोलारा उभा असतो.

दुरुस्ती काय? रिकाम्या फ्लशमध्ये एफसिंकचा कॉल टाकला आणि त्याने एरर दिली तर ती जशीच्या तशी वर पाठवली. दोन-तीन ओळी. स्पीड चांगलाच कमी झाला, आमचे डेमोतले दिमाखदार आकडे खोटे होते हेही त्यामुळे कळलं! पुढचे तीन दिवस आम्ही एकच टेस्ट केली. नंबर टाकलेले ब्लॉक्स लिहायचे, मधेमधे फ्लश पाठवायचा, पोच मिळालेला शेवटचा नंबर दुसऱ्या मशीनवर लिहून ठेवायचा, आणि सरळ पीसीची पिन काढायची. परत चालू करून पाहायचं, पोच दिलेला प्रत्येक ब्लॉक आहे का. लॅबच्या काकांना वाटलं आम्हाला वेड लागलंय. जुन्या डिस्कने मात्र तेवढ्यात दगा दिला नाही.

रूममेटच्या काही फाईल्स रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत मिळाल्या. चार दिवसांची रीडिंग्ज तिला पुन्हा घ्यावी लागली. त्यातल्या दोन रात्री मी तिच्यासोबत मेकॅनिकलच्या लॅबमध्ये बसले, बेअरिंगचा आवाज ऐकत. ती रागावली नाही, त्यानेच जास्त वाईट वाटलं.

ज्युनिअर्सना एकच सांगते. फ्रेमवर्क कितीही चांगलं असलं तरी ते तुमच्या 'झालं'वर विसंबून असतं. फंक्शन रिकामं ठेवायचंच असेल तर त्यात 'येत नाही' असं उत्तर लिहा, 'झालं' लिहू नका. येत नाही म्हटलं तर फार तर डेमो फसेल.

हा लेख आजोबांना फोनवर वाचून दाखवला. अर्ध्याहून जास्त त्यांच्या डोक्यावरून गेला असेल. शेवटी म्हणाले, "म्हणजे थप्पी लावायच्या आधीच तू पोच फाडलीस."

हो आजोबा, तेच झालं.

— तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी